टँकरचं पाणी आणि नळाचा रंग: क्रोम, मॅट ब्लॅक की रोझ गोल्ड?

वाघोलीत नवा फ्लॅट, सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी, दोन बाथरूम नव्याने करायची. इंटिरियर डिझायनरने तुमच्या बाथरूमला मॅट ब्लॅक आणि पाहुण्यांच्या बाथरूमला रोझ गोल्ड सुचवलंय. दुकानदार म्हणतो, "पीव्हीडी (धातूच्या वाफेने चढवलेला कडक थर) आहे साहेब, डोळे झाकून घ्या." पण आत्ताच्या भाड्याच्या घरातले साधे क्रोमचे नळसुद्धा दोन वर्षांत पांढरे पडलेत, म्हणून तुमचा धीर होत नाही. शिवाय हेच नळ गुहागरच्या घरी लावावेत का, आणि भाड्याचं घर सोडताना तिथले नळ पुन्हा चकचकीत करता येतील का, हेही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सॅनिटरीचा माल विकतो, त्याआधी बरीच वर्षं प्लंबिंगची कामं घ्यायचो. नळ खोक्यातून निघताना कसा असतो ते बघतो आणि काही वर्षांनी तोच नळ बदलायला काढतात तेव्हा कसा असतो तेही बघतो. त्यावरून सांगतो, रंगाचा निर्णय शेवटी घ्या. आधी पाण्यात काय आहे ते बघा आणि बाथरूम कशाने धुतलं जातं ते बघा. नळाचं फिनिश जड पाण्याने क्वचितच जातं. जड पाण्याचे डाग काढायला लोक जे वापरतात, त्याने ते जातं.

पाण्यापासून सुरुवात करू. पुण्याच्या कॉर्पोरेशनचं, खडकवासला धरणातलं पाणी म्हणजे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस. त्यात क्षार कमी, म्हणून ज्या भागात फक्त कॉर्पोरेशनचं पाणी येतं तिथले जुने क्रोमचे नळ अजूनही बऱ्यापैकी दिसतात. बोअरचं पाणी जमिनीत मुरत, खडकातून झिरपत आलेलं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. टँकर कुठून भरला यावर त्याचं पाणी अवलंबून, आणि ते दर आठवड्याला बदलू शकतं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये असणं अगदी नेहमीचं, वरही जातं.

इथे एक घोळ सगळेच करतात. आरओवाला येतो, पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, आणि लोक तोच कठीणपणा समजतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात साधं मीठसुद्धा आलं. नळावर पांढरा थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियमचा. त्यासाठी कठीणपणाची वेगळी चाचणी करावी लागते. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटली द्या, नाहीतर थेंब टाकून रंग बदलण्याचं किट मिळतं ते आणा. दोन बाथरूमच्या नळांवर जेवढा खर्च करणार आहात त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

हा थर बसतो कसा? पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेल्या रूपात असतं. थेंब नळावर वाळला किंवा पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि ते पाण्यात परत सहज विरघळत नाही. म्हणून गिझरच्या पाण्याचा हँड शॉवर आधी पांढरा पडतो. म्हणूनच नळ सतत ओला राहिला तरी एवढं बिघडत नाही, तो वाळतो तेव्हाच डाग पडतो. साबणाचा चिकटा त्या थराबरोबर मिसळला की मग ती राखाडी खपली होते, जी नुसत्या फडक्याने निघत नाही.

आता फिनिश. बाजारात ज्याला आपण सीपी (क्रोम प्लेटेड) फिटिंग म्हणतो ते पितळेवर आधी निकेल आणि त्यावर क्रोमियम चढवून केलेलं असतं. चांगल्या मालात निकेलचा थर पाच-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि वरचं क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. म्हणजे निकेल हा भिंतीचा गिलावा आणि क्रोम हा वरचा रंगाचा हात. गंजापासून खरं संरक्षण निकेल देतं. क्रोम त्याला कडकपणा देतं, ती थोडी निळसर चकाकी देतं आणि निकेलला काळपट पडू देत नाही. स्वस्त मालात कंजुषी होते ती निकेलच्या थरात आणि प्लेटिंगआधीच्या पॉलिशमध्ये, आणि दुकानातल्या दिव्याखाली ती कुणालाच दिसत नाही.

हे क्रोम रोजच्या वापराला दणकट आहे. त्याचा वैरी म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, आपल्याकडे बाटलीत मिळणारं, टाइल्स धुवायचं "ॲसिड". क्रोमियम त्यात सरळ विरघळतं. संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्येही हेच ॲसिड असतं, फक्त सौम्य करून, घट्ट करून आणि वास घालून. घरकामाच्या ताईंचा यात दोष नाही. त्यांना बाथरूम पांढरं स्वच्छ हवं म्हणून सांगितलेलं असतं आणि हातात ती एकच बाटली दिलेली असते. कमोडला टाकलं, फरशीला टाकलं, राहिलेलं नळाला फासलं. पहिल्यांदा थर झटकन फसफसून निघतो आणि नळ नव्यासारखा दिसतो, त्यामुळे सगळे खूश. तिसऱ्या-चौथ्या वेळेला चकाकी थोडी पिवळसर वाटायला लागते. ते खालचं निकेल उघडं पडलेलं असतं. मग बारीक हिरवे ठिपके येतात, म्हणजे ॲसिड निकेलमधल्या छिद्रांतून पितळेपर्यंत पोचलं. तिथून परत फिरता येत नाही.

नवं काम करणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही. टाइल्स बसल्या, ग्राउट भरून झालं, की फरशीवाला जाता जाता सिमेंटचे डाग काढायला अख्खं बाथरूम ॲसिडने धुतो. त्या वेळी नळ लागलेले असतील तर त्यांना ॲसिड प्रत्यक्ष लागायचीही गरज नाही. बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफा भरतात आणि क्रोमवर, स्टीलवर, बिजागऱ्यांवर, सगळीकडे बसतात. गृहप्रवेशालाच नळ मळकट दिसतात आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. म्हणून ठेकेदाराला आधीच ठणकावून सांगा: ॲसिड वॉश आधी, मग भरपूर पाण्याने धुणं, एक-दोन दिवस दारं-खिडक्या उघडी, आणि त्यानंतरच खोक्यातून नळ बाहेर. तोपर्यंत पाइपच्या तोंडांना प्लास्टिकचे प्लग लावून ठेवायचे. प्लंबर कुरकुर करेल, कारण त्याला एकाच फेरीत काम संपवायचं असतं. करू दे.

हाच ॲसिडचा विषय फर्निचरवरही बेततो. बेसिनखालच्या कपाटात ॲसिडची किंवा टॉयलेट क्लीनरची अर्धी बाटली सैल झाकणाने ठेवलेली असते. त्याच कपाटात अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायची छोटी तोटी) आणि स्टीलची जाळी विणलेले कनेक्शन पाइप असतात. त्या वाफांमधल्या क्लोराइडने स्टीलच्या बारीक तारा ठिकठिकाणी तडकतात. वरून फारसं काही कळत नाही, आणि एके दिवशी प्रेशरने आतली रबरी नळी फुगून फुटते. घरात कुणी नसेल तर पाणी थेट हॉलपर्यंत. ॲसिड घरात ठेवायचंच असेल तर बाल्कनीत, घट्ट झाकण लावून. कपाटातल्या पाइपांच्या जाळीवर तपकिरी ठिपके दिसले की वाट न बघता पाइप बदला, फार महाग नसतात.

आता पीव्हीडी. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण पूर्णही सांगत नाहीये. पीव्हीडीमध्ये निर्वात पेटीत टायटॅनियम किंवा झिर्कोनियमसारख्या धातूची वाफ करतात, पेटीत नायट्रोजन किंवा कार्बन असलेला वायू सोडतात, आणि त्यातून तयार होणारा अतिशय कडक थर नळावर बसतो. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी दिसतं. वायूचं प्रमाण बदललं की रोझ गोल्ड, ब्राँझ, काळपट राखाडी असे रंग मिळतात. यात सोनं नसतं आणि रंगही नसतो, तो पदार्थच त्या रंगाचा असतो. म्हणून खरं पीव्हीडी क्रोमपेक्षा ओरखड्यांना दमदार आणि त्याचा रंग उडत नाही.

पण हा थरसुद्धा फार पातळ असतो, आणि तो निकेल-क्रोम चढवलेल्या पितळेवरच बसतो. खालचं प्लेटिंग कच्चं असेल तर वरचं पीव्हीडी त्याला वाचवत नाही. थराच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून ॲसिड खाली उतरतं आणि फोड खालून येतो. म्हणजे पीव्हीडी घेतलं तरी ॲसिडचा नियम तोच.

दुसरं म्हणजे "सोनेरी" आणि "पीव्हीडी" हे एकच नाही. बाजारात सोनेरी, रोझ गोल्ड, काळे असे कितीतरी नळ रंगीत लॅकर किंवा पावडर कोटिंग मारलेले असतात. नव्यात दोन्ही सारखेच देखणे. फरक ओळखायला नळाची खालची बाजू, तोटीची कडा, मुठीची खाच बघा. रंगवलेल्या मालात कडा किंचित गोलावलेल्या दिसतात, खाचेत रंग साचलेला असतो, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक उठाव असतो. पीव्हीडीत धातूची धार आणि चकाकी तशीच्या तशी दिसते. तरीही नजरेवर विसंबू नका. बिलावर किंवा कॅटलॉगवर पद्धत लिहून घ्या, आणि विचारा की हे नळाच्या अंगापुरतंच आहे का मूठ, फ्लँज (नळामागची भिंतीला टेकणारी चकती), हँड शॉवर, हेल्थ फॉसेट (कमोडशेजारचा छोटा फवारा) सगळ्याला आहे. बरेचदा नळ पीव्हीडीचा आणि हँड शॉवर मात्र एबीएस प्लास्टिकवर रंगवलेला असतो. सगळ्यात जास्त हाताळली जाणारी वस्तू हीच, आणि आधी सोलवटते तीही हीच. हेल्थ फॉसेटचा काळा किंवा सोनेरी पाइप तर मी टिकाऊ मालात धरतच नाही, वाकून वाकून त्याचा रंग जातो.

खरेदीच्या वेळी आणखी एक गंमत बघायला मिळते. गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं आणि नळाला चिकटत नाही म्हणून खूश होतं. पितळेला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण जस्ताच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही, आणि प्लास्टिकला तर नाहीच. स्टीलच्या नळात ३०४ प्रतीचं स्टील आणि हलक्या प्रतीचं २०२ यांतला फरकही चुंबकाने कळत नाही. त्यापेक्षा एकाच आकाराचे दोन नळ दोन हातांत घ्या. पितळ जस्तापेक्षा जड असतं आणि जाड ओतकाम पातळ ओतकामापेक्षा जड असतं. जस्ताची मूठ किंवा फ्लँज असेल तर पाणी आत शिरल्यावर प्लेटिंग फुगतं आणि खालून पांढरी भुकटी निघते. नळ पितळी आणि मूठ जस्ताची, असा माल भरपूर आहे. मूठ कशाची ते वेगळं विचारा.

मॅट ब्लॅकबद्दल मी स्पष्टच बोलतो, डिझायनर बाईंना राग आला तर येऊ दे. जड पाणी असलेल्या घरात रोजच्या वापराच्या शॉवरला मॅट ब्लॅक लावू नये. काळ्यावर पांढरा डाग सगळ्यात जास्त उठून दिसतो. पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे क्षार धरून बसतो, आणि तो काढायला जोर लावला की तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागतो. मग मॅटवर चमकदार चट्टा, जो कशानेच जात नाही. कॉर्पोरेशनच्या हलक्या पाण्यावर हाच नळ सुंदर राहतो, म्हणून फोटोत बघितलेली बाथरूम खोटी नसतात, फक्त त्यांचं पाणी वेगळं असतं.

सॅटिन किंवा ब्रश्ड फिनिश, म्हणजे बारीक रेघांचं स्टीलच्या रंगाचं, याची आपल्याकडे उगाच उपेक्षा होते. थेंबांचे डाग आणि बोटांचे ठसे त्यावर सगळ्यात कमी दिसतात. अँटिक ब्रासचा काळपटपणा रसायनाने आणलेला आणि वरून लॅकर मारलेला असतो, लॅकर गेलं की तो ठिकठिकाणी उजळ होतो. ज्याला तेच आवडतं त्याने घ्यावं.

तुमच्या जागी मी असतो तर डिझायनरची योजना उलटी केली असती. तुमच्या रोजच्या बाथरूममध्ये क्रोम किंवा ब्रश्ड, दोन्ही पितळेवरचं, चांगल्या कंपनीच्या मधल्या श्रेणीचं. काळ्याची हौस असेल तर टॉवेल रॉड, आरशाची चौकट, दाराचं हँडल काळं करा, तिथे पाणी वाळत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये रोझ गोल्ड लावायला माझी हरकत नाही, कारण ते रोज भिजून रोज वाळणार नाही. पण खरं पीव्हीडीच, आणि सगळे तुकडे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, एकाच वेळी घेतलेले. क्रोम कुठल्याही कंपनीचं असो, जवळपास एकसारखं दिसतं. एका कंपनीचं रोझ गोल्ड दुसरीच्या शेजारी ठेवलं की एक तांबूस आणि एक गुलाबी. अँगल कॉक, बॉटल ट्रॅप (बेसिनखालचं सांडपाण्याचं वळण), फरशीची जाळी हे आत्ताच मोजून घ्या. एक जादा फ्लँज आणि एक मूठ माळ्यावर टाकून ठेवा.

भिंतीत गाडलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) घेणार असाल तर थोडा जास्त विचार करा. त्याचं आतलं अंग टाइल्स फोडल्याशिवाय निघत नाही, बाहेरची प्लेट आणि मूठ तेवढी बदलता येते. काही वर्षांनी तो रंग बंद झाला तर तुम्हाला क्रोमची प्लेट मिळेल, रोझ गोल्डची मिळेलच असं नाही. गाडलेल्या वस्तूला मी तरी क्रोमच सुचवतो.

निगेचं आता सांगतो, ते फार नाही. दिवसाची शेवटची अंघोळ झाली की जुन्या सुती पंचाने किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने नळ कोरडे पुसायचे. रोज कोण करणार, असं सगळे म्हणतात. बेसिनचा नळ आणि शॉवरची मूठ एवढंच पुसलं तरी पुष्कळ होतं, आणि फडकं तिथेच खुंटीला असेल तर होतं, कपाटात ठेवलं तर होत नाही. आठवड्यातून एकदा भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून मऊ स्पंजने पुसायचं, धुवायचं, कोरडं करायचं. हे सगळ्या फिनिशना चालतं, अगदी काळ्यालाही.

थर बसलाच तर किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड आणा. चहाचा एक चमचा पेलाभर पाण्यात विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, पाच-दहा मिनिटांनी काढून भरपूर पाण्याने धुवा. थर जाड असेल तर वेळ वाढवू नका, दुसऱ्या दिवशी परत करा. व्हिनेगरला निम्मं पाणी घालूनही हेच होतं. हँड शॉवरला व्हिनेगरची पिशवी रात्रभर बांधून ठेवायचा उपाय फिरत असतो. तसं करू नका, अर्धा तास पुरे. हे क्रोमला आणि स्टीलला चालतं, पीव्हीडीला आधी मागच्या बाजूला करून बघावं, आणि लॅकर किंवा पावडर कोटिंगच्या मालाला साबणाच्या पाण्यापलीकडे काही लावू नये. बेसिनखाली संगमरवर किंवा इटालियन मार्बलचा ओटा असेल तर जपून, कारण जे ॲसिड नळावरचा कॅल्शियम कार्बोनेट काढतं तेच संगमरवरालाही खातं. ओट्यावर ओघळ आला तर तिथली चकाकी जाते.

नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरिएटर, काही महिन्यांनी काढून याच पाण्यात बुडवा. पान्ह्याने काढायची तर दातांना फडकं गुंडाळा, अर्धे ओरखडे तिथेच पडतात. हिरवी घासणी वापरू नका, तिच्यात जे कण असतात ते क्रोमपेक्षा कडक असतात. तारेची घासणी तर स्टीलवर लोखंडाचे कण सोडते आणि तेच पुढे गंजतात. तांबं-पितळ उजळायची पावडर देवघरातल्या समईसाठी ठेवा, प्लेटिंगसाठी ती नाही. टूथपेस्ट क्रोमवरच्या एखाद्या हट्टी डागाला हलक्या हाताने चालते, मॅट आणि सोनेरीला नाही. आणि ब्लीच व ॲसिड एकाच वेळी कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये ते नळापेक्षा माणसाला जास्त धोक्याचं आहे.

सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करणारं यंत्र, बसवावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कठीणपणा ३००-४०० च्या वर निघाला तर विचार करा. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्या जागी सोडियम सोडतं, आणि ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने ते परत ताजं करावं लागतं. टीडीएसचा आकडा त्याने खाली येत नाही, त्यामुळे बसवल्यावर मीटर लावून "फसवलं" म्हणू नका. थेंब वाळल्यावर डाग तरीही दिसतो, पण सोडियमचे क्षार पाण्यात विरघळतात, ओल्या फडक्याने निघून जातात. सोसायटीचं एकच यंत्र टाकीवर बसलं तर उत्तम, पण त्यात मीठ वेळच्या वेळी कोण टाकणार हे मीटिंगमध्ये आधी ठरवा. मी बघितलेली अनेक यंत्रं मिठाविना नुसती उभी आहेत.

गुहागरचं गणित वेगळं आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा हलकं असतं, पांढऱ्या थराचा त्रास तिथे कमी. तिथे प्रश्न आहे खाऱ्या हवेचा. मिठाचे कण धातूवर बसतात, दमट हवेत ओलावा धरतात, आणि प्लेटिंगमध्ये जिथे छिद्र असेल तिथून सुरुवात करतात. घर महिनोन्महिने बंद राहत असेल तर अजून वाईट, कारण नळ धुतलेच जात नाहीत. घरातल्या बाथरूमला पितळेवरचं चांगलं क्रोम चालेल. स्टीलचं घ्यायचं तर ३०४ वरही समुद्राजवळ तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त टिकतं, पण त्यात नळ शोधावे लागतात आणि महाग पडतात. पडवीतल्या, मागच्या दारच्या आणि झाडांना पाणी घालायच्या नळांना काहीही चढवलेलं नको. साधी जाड पितळी तोटी लावा. ती काळवंडेल, पण सोलवटायला तिच्यावर काही नसेलच. पाहुणे येणार असतील तेव्हा आमसुलाने घासून धुतली की पुन्हा पिवळीधमक. गेल्या गेल्या घरातले सगळे नळ बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन पुसा, आणि निघतानाही तेच करा.

राहिले भाड्याच्या घरातले नळ. आधी सायट्रिक ॲसिडचं फडकं एका कोपऱ्याला लावून बघा. खालून निळसर चकाकी निघाली तर तो नुसता क्षार आहे, दोन-तीन बैठकांत सगळं निघेल. डाग निघाला पण खालचा रंग मंद पिवळट असेल तर क्रोम गेलेलं आहे, मेणाच्या पॉलिशने थोडे दिवस बरं दिसेल इतकंच. हिरवे ठिपके किंवा फोड असतील तर हात लावू नका, घासून फोड फुटतात आणि जास्त वाईट दिसतं. पुन्हा प्लेटिंग करून देणारे कारखाने आहेत, पण आधीचा थर उतरवणं, पॉलिश, पुन्हा चढवणं आणि प्लंबरच्या दोन फेऱ्या धरल्या तर बेसिनवरचा साधा नवा उभा नळ (पिलर कॉक) स्वस्त पडतो. घरमालकाशी बोलताना तेवढ्याची किंमत हिशेबात धरा. बाकीचे नळ बहुधा नुसते माखलेले निघतील.

पाण्याचा रिपोर्ट आला की कठीणपणाचा आकडा कळवा. दोनशेच्या आत असेल तर मॅट ब्लॅकबद्दलचं माझं मत मी बदलायला तयार आहे.